वाळवंटाचा सातबारा

या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातील वर्तमानपत्रांतून, परिषदांच्या पत्रिकांतून आणि बँकांच्या अहवालांतून सहारा वाळवंटाचा एक नकाशा वारंवार छापला जात असे. त्या विस्तीर्ण, ओसाड प्रदेशावर काही लाल चौकोन काढलेले असत. त्यांतला सर्वांत मोठा, पण सहाराच्या मानाने चिमुकलाच असा चौकोन आरशांनी आच्छादला, तर साऱ्या जगाला पुरेल इतकी वीज निर्माण होईल आणि युरोपची गरज त्याहूनही लहान चौकोनात भागेल, असे तो नकाशा सांगे. हिशेब खोटा नव्हता. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाल्यानंतर अस्वस्थ झालेल्या गेरहार्ड क्निस या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने असे गणित मांडले होते की, मनुष्यजात वर्षभरात जितकी ऊर्जा खर्च करते तिच्याहून अधिक ऊर्जा पृथ्वीवरील वाळवंटांवर अवघ्या सहा तासांत सूर्याकडून पडते. आणि शास्त्राच्या कसोटीवर या विधानात कोणाला खोट काढता आलेली नाही. मात्र त्या लाल चौकोनात कोणाच्या विहिरी येतात, उंटांचे आणि शेळ्यामेंढ्यांचे कळप कोणत्या ऋतूत कोणत्या वाटेने उतरतात, पाऊस पडलाच तर कोणत्या उतारावर कोण जव पेरतो, आणि ही सारी वहिवाट कोणत्या दफ्तरात नोंदलेली आहे किंवा नाही, यांतले काहीच त्या नकाशावर नव्हते. नकाशा काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे ते कामच नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. परंतु त्या नकाशाच्या आधारे ज्यांनी अब्जावधींचे आराखडे तयार केले त्यांच्यापैकीही फार थोड्यांना ते आपले काम वाटले.

आराखड्याचे नाव डेझर्टेक. २००९ च्या जुलै महिन्यात म्युनिक शहरी बारा कंपन्यांनी त्याच्या मसुद्यावर सह्या केल्या. २०५० सालापर्यंत सुमारे ४०० अब्ज युरो खर्चून उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांच्या वाळवंटांत सौर व पवन ऊर्जेचे प्रकल्प उभारावयाचे, त्यांतील वीज भूमध्य समुद्राच्या तळातून वाहिन्या टाकून उत्तरेकडे आणावयाची आणि युरोपच्या गरजेचा सुमारे १५ टक्के भाग तिच्यातून भागवावयाचा, असा तो संकल्प होता. सह्या करणाऱ्यांत म्युनिक री ही विमा कंपनी होती, डॉइचे बँक होती, सीमेन्स, आर.डब्ल्यू.ई., ई.ऑन आणि ए.बी.बी. यांसारखी वीजउद्योगातली बडी घराणी होती. समुद्राच्या दक्षिण तीरावरची, म्हणजे ज्या भूमीवर हे सारे उभे राहणार होते तिकडची, कंपनी त्या बारांत एकच होती: अल्जीरियाची सेव्हिताल. दक्षिणेची सरकारे, तिथल्या ग्रामसभा, तिथले पशुपालक यांची पाळी पुढे कधीतरी, प्रकल्पाचा ‘सामाजिक परिणाम’ तपासण्याच्या वेळी येणार होती.

कल्पना जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८७० नंतरच्या दशकात, सपाट आरशांच्या रांगांनी ऊन एका बाष्पकावर एकवटून त्या वाफेवर पंप चालवून दाखविला होता आणि १८७८ साली त्याविषयी एक पुस्तकही मुंबईतच प्रसिद्ध केले होते. उष्ण प्रदेशांतील वसाहतींना कोळसा महाग पडतो, तेव्हा सूर्य राबवावा, हा त्याचा विचार. पुढे १९१३ साली कैरोजवळच्या मआदी गावी फ्रँक शुमन या अमेरिकी संशोधकाने पन्हळीच्या आकाराचे मोठाले आरसे मांडून नाईलचे पाणी शेतात उपसून दाखविले, तेव्हा इजिप्तच्या ब्रिटिश कारभाऱ्यांनी त्या यंत्राकडे मोठ्या कौतुकाने पाहिले. हे कौतुक निरपेक्ष नव्हते. इजिप्तचा आणि सुदानचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता आणि कापसाला पाणी लागते. महायुद्ध सुरू झाले व तो प्रयोग संपला. पण ऊन इथले, यंत्र तिथले आणि पीक तिसऱ्याच्या गिरणीसाठी, ही मांडणी तेव्हापासूनची आहे. आजच्या प्रकल्पांना ‘हरित वसाहतवाद’ म्हणून नावे ठेवणारे हमझा हमुशेन यांच्यासारखे अल्जीरियन अभ्यासक ज्या इतिहासाकडे बोट दाखवतात, तो हाच.

वीज इतक्या दूर न्यायची कशी, ही अडचण अलीकडे तांत्रिक राहिलेली नाही. उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाने वीज वाहून नेली तर हजार किलोमीटरला तीनएक टक्केच गळती होते. आपल्याकडे चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची अशीच वाहिनी गेली पंचवीसएक वर्षे काम करीत आहे. राख आणि धूर चंद्रपूरने सोसावा व दिवे पश्चिमेकडे लागावेत, ही व्यवस्था आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, तिच्यात न्यायाचा काही प्रश्न आहे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. मोरोक्को आणि स्पेन यांच्यामध्येही १९९७ आणि २००६ साली समुद्रतळाच्या दोन वाहिन्या जोडल्या गेल्या. गंमत अशी की, त्या वाहिन्यांतून बहुतेक वर्षे वीज उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहत आली.

डेझर्टेकचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. सौर पत्रे झपाट्याने स्वस्त झाले आणि युरोपातल्या घरांच्या छपरांवरच चढले. युरोप आर्थिक मंदीत सापडला. अरब देशांत क्रांतीची लाट आली. स्पेनने मोरोक्कोबरोबरच्या पहिल्या निर्यात-प्रकल्पाच्या करारावर २०१२ साली सही करण्याचे टाळले. सीमेन्स बाहेर पडली, पाठोपाठ इतर, आणि २०१४ साली योजनेसाठी म्युनिकला काढलेल्या कंपनीत तीनच भागीदार उरले. योजना मोडली, परंतु तिच्या छायेत जे एक प्रत्यक्ष उभे राहिले ते पाहण्याजोगे आहे. कारण न्यायाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका गावाच्या जमिनीवर करावी.

मोरोक्कोच्या दक्षिणेस, ॲटलास पर्वत ओलांडून सहाराकडे उतरताना वारझाझात नावाचे शहर लागते. चित्रपटांच्या शौकिनांना ते न कळत ओळखीचे असेल. वाळवंट आणि मातीचे किल्ले लागणारे कित्येक इंग्रजी चित्रपट त्याच्या आसमंतात चित्रित झालेले आहेत. या शहराच्या ईशान्येला दहाएक किलोमीटरवर नूर, म्हणजे प्रकाश, या नावाचा सौर प्रकल्प आहे. २०१० साली स्थापन झालेल्या मासेन या सरकारी संस्थेने तो उभारला. त्याचा पहिला, १६० मेगावॅटचा टप्पा राजे मोहम्मद सहावे यांनी ४ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू केला, आणि पुढचे टप्पे धरून त्याची क्षमता ५८० मेगावॅटच्या आसपास गेली. जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, युरोपीय गुंतवणूक बँक आणि जर्मनीची के.एफ.डब्ल्यू. यांचे कर्ज, सौदी अरबस्तानच्या ॲक्वा पॉवर कंपनीचे कंत्राट, स्पेनचे अभियंते आणि जमीन आयत ऊक्रूर तुंदूत या अमाझिग जमातीची, अशी ती बहुदेशीय रचना आहे. वीज मात्र मोरोक्कोच्या आतच वापरली जाते, हे प्रामाणिकपणाने आधी सांगितले पाहिजे.

ती जमीन सुमारे अडीच हजार हेक्टर होती, आणि ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती. मोरोक्कोत अशा जमातींच्या सामाईक जमिनी कोट्यवधी एकर आहेत. चराई, सरपण, पावसाळी पेरा यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्या वहिवाटल्या जातात. फ्रेंचांचे संरक्षित राज्य असताना एप्रिल १९१९ मध्ये एक फर्मान निघाले आणि त्याने या सर्व जमिनींचे पालकत्व सरकारच्या गृहखात्याकडे दिले. आपल्या सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असा शेरा मारून पालनकर्त्याचे नाव लिहितात. तसाच शेरा संपूर्ण जमातीच्या नावापुढे मारला गेला, असे म्हटले तर फारशी चूक होणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडचे मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे शेरा कमी होतो. मोरोक्कोची जमात ही स्वातंत्र्य मिळाल्यावरही, १९५६ नंतरही, अज्ञानच राहिली. फर्मानाचा उद्देश जमिनी परक्यांच्या हाती जाऊ नयेत असा सांगितला जाई, आणि त्यात तथ्यांश नाही असे नाही; मात्र त्याच कायद्यान्वये अशी जमीन विकायचीच झाली तर ती सरकारला वा सरकारी संस्थेलाच विकता येत असे. म्हणजे विकणाऱ्याचा पालक सरकार, गिऱ्हाईक सरकार, आणि विक्रीला मंजुरी देणारेही सरकारच.

अशा बाजारात भाव काय ठरला असेल? चौरस मीटरला सुमारे एक दिरहॅम, म्हणजे तेव्हाच्या आपल्या पाच-सहा रुपयांच्या आसपास. जमीन नापीक, निरुपयोगी, पडीक आहे, हे त्या दराचे समर्थन होते. या व्यवहाराचा बारकाईने अभ्यास केलेल्या कॅरन रिग्नल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी दाखवून दिले आहे की, ‘पडीक’ हा शेरा भूगोलातून आलेला नव्हता, तो शासनाच्या पाहण्याच्या रीतीतून आलेला होता. आणि मला त्यांचे म्हणणे पटते, कारण ज्या भूमीवर वर्षाकाठी तीनशेहून अधिक दिवस लख्ख ऊन पडते आणि केवळ त्या उन्हासाठी जगभरच्या बँका जिथे रांग लावतात, ती भूमी विकत घेण्याच्या क्षणीच काय ती निरुपयोगी असते, हे तर्कट विलक्षण आहे. उन्हाचे मूल्य भावात धरलेच गेले नाही. शिवाय मोबदल्याची रक्कम जमातीच्या लोकांच्या हाती पडली नाही. ती पालकाच्या, म्हणजे गृहखात्याच्या, खात्यात जमा झाली आणि तिच्यातून रस्ते, पाणी, दवाखाना अशी विकासकामे करण्याचे ठरले. जी कामे नागरिक म्हणून सरकारकडून हक्काने मिळावयाची, ती आपलीच जमीन विकून मिळवावी लागली, असे तिथले लोक म्हणू लागले तर त्यांना कृतघ्न कसे म्हणावे?

यात आणखी एक पदर आहे. जमातीच्या वतीने सही करणारे प्रतिनिधी पुरुष होते, कारण सामाईक जमिनीचे हक्कदार म्हणून कुटुंबप्रमुख पुरुषच मोजले जात. मोरोक्कोतील अशा जमातींच्या स्त्रियांनी, ज्यांना तिकडे ‘सुलालियात’ म्हणतात, २००७ पासून याविरुद्ध चळवळ चालविली. जमिनी विकल्या जातात, मोबदला वाटला जातो आणि विधवा, परित्यक्ता, अविवाहित बहिणी रिकाम्या हाताने राहतात, ही त्यांची तक्रार होती. सरकारने आधी परिपत्रके काढली, शेवटी २०१९ साली १९१९ चे फर्मान रद्द करून नवा कायदा केला व त्यात स्त्रियांचा हक्क मान्य झाला. बरोबर शंभर वर्षांनी. तोपर्यंत वारझाझातचे आरसे चकाकू लागले होते. एखाद्या जमातीची ‘संमती’ घेतली असे अहवालात लिहिलेले असते तेव्हा त्या संमतीत किती जणींचा आवाज होता, हे विचारण्याची सवय योजनाकारांना अजून लागलेली नाही.

पाण्याची कथाही अशीच क्रमाची कथा आहे. पन्हळी आरशांच्या पद्धतीत ऊन एका नळीवर एकवटून तिच्यातले तेल तापवतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करून चक्र फिरवतात आणि मग ती वाफ पुन्हा थंड करावी लागते. ही थंड करण्याची क्रिया पाण्याने केली तर यंत्र अधिक कार्यक्षम चालते. हवेने केली तर पाणी वाचते पण खर्च वाढतो. नूरच्या पहिल्या टप्प्यात पाण्याची पद्धत निवडली गेली, आणि ते पाणी १९७२ साली बांधलेल्या मन्सूर अद्दहबी धरणातून येऊ लागले. याच धरणाच्या खाली द्रा नदीच्या काठाने खजुराच्या बागांची मालिका दूर वाळवंटाच्या कडेपर्यंत जाते आणि धरणातून वर्षातून काही वेळा सोडलेल्या पाण्यावर तग धरते. धरणाच्या एकंदर साठ्याशी तुलना करता प्रकल्पाला लागणारे पाणी अत्यल्प आहे, असे अधिकारी सांगतात. सरासरीच्या हिशेबात ते खरेही असेल. पण शेतकरी सरासरीत जगत नसतो. अवर्षणाच्या ज्या वर्षी बागांची पाळी चुकते त्या वर्षीही आरसे धुवावेच लागतात आणि वाफ थंड करावीच लागते. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात हवेने थंड करण्याची पद्धत आणली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र जे दुसऱ्या टप्प्यात शक्य होते ते पहिल्यात का केले नाही, याचे उत्तर शोधू गेल्यास कळते की तंत्र, ठिकाण आणि निविदा हे तिन्ही ठरून गेल्यावर पाणी वापरणाऱ्यांशी बोलणे सुरू झाले होते.

पैशाच्या बाबतीत खुद्द मोरोक्कोच्या आर्थिक, सामाजिक व पर्यावरण परिषदेने २०२० साली जे लिहिले ते बोलके आहे. मासेन ही संस्था कंपनीकडून ठरीव, चढ्या दराने पंचवीस वर्षे वीज विकत घेते आणि राष्ट्रीय वीजमंडळाला त्याहून कमी दराने विकते. हा तोटा तेव्हा वर्षाला सुमारे ८० कोटी दिरहॅमचा होता. कंत्राटदाराचा नफा सुरक्षित, सावकाराचे व्याज सुरक्षित, आणि जोखीम मोरोक्कोच्या खजिन्यावर, म्हणजे अखेर कर भरणाऱ्यावर.

एवढे सांगून मोरोक्कोला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. आपल्या ऊर्जेपैकी सुमारे नव्वद टक्के बाहेरून आणणाऱ्या या देशाला स्वतःचे ऊन वापरावेसे वाटणे हे स्वाभाविकच नाही, शहाणपणाचेही आहे. १९९५ च्या सुमारास त्याच्या खेड्यांपैकी जेमतेम पंचमांश खेड्यांत वीज होती; पुढल्या वर्षी सुरू झालेल्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या योजनेने आज जवळजवळ प्रत्येक खेडे उजळले आहे, आणि ज्या राज्यकर्त्यांनी हे केले त्यांना गरिबांविषयी आस्थाच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रकल्पाच्या बांधकामाने वारझाझातच्या पुष्कळ तरुणांना दोन-चार वर्षे मजुरी दिली. बांधकाम संपल्यावर थोडेच कामावर राहिले. पण तेवढ्यासाठीही लोकांनी प्रकल्पाचे स्वागतच केले होते. तिथला असंतोष सूर्याच्या विजेविरुद्ध नाही. आपल्याला शेवटी विचारले, याविरुद्ध आहे.

आणि काही ठिकाणी तर कोणाला विचारायचे हाच वाद आहे. मोरोक्कोच्या दक्षिणेकडील पश्चिम सहारा या प्रदेशातून १९७५-७६ साली स्पेन निघून गेला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७५ च्या ऑक्टोबरात, मोरोक्कोचे या प्रदेशाशी असलेले जुने संबंध त्याच्या सार्वभौमत्वाला पुरेसे नाहीत, असे मत दिले. तरी त्याचा बहुतांश आज मोरोक्कोच्याच अंमलाखाली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो अजून स्वशासन न मिळालेला प्रदेश आहे. मूळचे सहरावी लोक दोन ठिकाणी विभागले गेले: काही तिथेच, काही सीमेपलीकडे अल्जीरियात तिंदुफच्या निर्वासित छावण्यांत, जिथे तिसरी पिढी तंबूत वाढते आहे. या प्रदेशाच्या किनाऱ्यावर वारा अखंड वाहतो, म्हणून तिथे मोरोक्कोने पवनचक्क्या उभारल्या; फूम अल-वाद येथील पवनचक्क्यांची वीज प्रामुख्याने बू-क्रा येथील फॉस्फेटच्या खाणीच्या कामी येते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये, शेतमाल व मासेमारीच्या करारांसंबंधी निकाल देताना, हा प्रदेश मोरोक्कोहून वेगळा आहे आणि तेथील जनतेच्या संमतीवाचून केलेले करार त्याला लागू करता येणार नाहीत, असे म्हटले. टोमॅटोला आणि माशांना जो न्याय, तो वाऱ्याला का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही ऊर्जा-आराखड्यात वाचायला मिळालेले नाही.

निर्यातीचे स्वप्न अजून जिवंत आहे. ट्युनिशियाने २०१५ साली कायदा करून नवीकरणीय वीज परदेशी विकण्याची मुभा दिली, आणि २०१७ साली टुनूर नावाच्या कंपनीने केबिली प्रांतातील र्जिम मआतूगजवळ ४,५०० मेगावॅटचा प्रकल्प उभारून त्याची वीज माल्टा, इटली आणि फ्रान्सला नेण्याचा प्रस्ताव दाखल केला. ज्या देशाची स्वतःची वीज जवळजवळ सर्वस्वी वायूवर, आणि तो वायूही मोठ्या प्रमाणात शेजारच्या अल्जीरियाचा, त्या देशाने आपले स्वच्छ ऊन आधी विकावे आणि घरात आयात वायू जाळावा, हा क्रम उलटा आहे असे तिथल्या वीजमंडळाच्या कामगार संघटनांना वाटले तर नवल नाही. मोरोक्कोच्या गुलमीम-वाद नून भागातून चारएक हजार किलोमीटरच्या सागरी वाहिनीने इंग्लंडला वीज नेण्याची एक्सलिंक्सची योजनाही अशीच होती. तिच्यातून ब्रिटनची सुमारे आठ टक्के गरज भागणार होती. मोरोक्कोतली निम्म्याहून अधिक वीज तेव्हाही कोळशावर चालत होती. २०२५ च्या जूनमध्ये ब्रिटिश सरकारने या योजनेला आधार देण्याचे नाकारले. नाकारताना त्यांनी स्वदेशातील ऊर्जेचा विचार केला, मोरोक्कोतील मेंढपाळांचा नव्हे. आणि ते स्वाभाविकच होते, कारण प्रत्येक सरकार आपल्या नागरिकांना जबाबदार असते. वाळवंटातल्या माणसाची बाजू मांडणारे कोणी त्या टेबलाशी बसलेलेच नसते.

हे टेबलाशी बसणे केव्हा, यावर सारे अवलंबून आहे, असे माझे मत आहे. केनियाच्या उत्तरेस तुर्काना सरोवराजवळच्या रखरखीत प्रदेशात ३६५ पवनचक्क्यांचा, ३१० मेगावॅटचा प्रकल्प युरोपीय भांडवलावर उभा राहिला. तेथील पशुपालकांनी जमिनीच्या सनदांना कोर्टात आव्हान दिले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात मेरूच्या न्यायालयाने दीड लाख एकरांच्या त्या सनदा बेकायदेशीर रीतीने दिल्या गेल्या असा निकाल दिला. खटला लोकांनी जिंकला. पण तेव्हा पवनचक्क्या तीन वर्षे फिरत होत्या, आणि न्यायालयालाही प्रक्रिया दुरुस्त करून घेण्यासाठी मुदत देण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह मांडला, तेव्हाही प्रश्न विजेच्या उपयुक्ततेचा नव्हता. सार्वजनिक हितासाठी म्हणून १८९४ च्या कायद्याने सरकारने जमीन घ्यायची आणि कंपनीच्या हवाली करायची, ही त्या वेळची रीत; त्या हितात ज्याची जमीन गेली तो कुठे बसतो, हे विचारण्याला तेव्हा राजद्रोह म्हणत. अगदी अलीकडे, २०१८ च्या जानेवारीत, वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे कागद घेऊन खेटे घालणाऱ्या धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले. शेजाऱ्याच्या जमिनीला मिळालेला भाव आणि आपल्या जमिनीला मिळालेला भाव यांतली तफावत त्याला कोणी समजावून सांगू शकले नव्हते.

योजनेत न्याय आणायचा म्हणजे काय, हे मग फार गूढ राहत नाही. ठिकाण निश्चित होण्यापूर्वी, म्हणजे ‘इथे नको’ म्हणण्याला काही अर्थ असेपर्यंत, वहिवाटदारांची नोंद घ्यावी, त्यांत स्त्रियांची आणि ऋतूपुरत्या येणाऱ्या धनगरांचीही. जमीन खरेदी करण्याऐवजी भाड्याने घेता येते. पंचवीस-तीस वर्षांनी आरसे निघाले की ती परत जावी, आणि भाडे उत्पन्नाशी बांधलेले असावे, म्हणजे उन्हाची किंमत एकदाच, तीही पडीक जमिनीच्या दराने, ठरणार नाही. पाण्याची निवड निविदेच्या आधी व्हावी. परदेशी वाहिनी टाकण्याआधी ज्या देशातून ती निघते त्याच्या स्वतःच्या कोळशाचा हिशेब मांडावा. हे सर्व खर्चिक आणि वेळखाऊ आहे, असा आक्षेप हमखास येतो. हवामान बदलते आहे, थांबायला वेळ नाही, असेही म्हटले जाते. पण तुर्कानाचा खटला २०१४ पासून सात वर्षे चालला, हाही वेळच होता.

हा प्रश्न परका मानून सोडून देणे आपल्याला फार दिवस परवडणारे नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या सभेत भारताने ‘एक सूर्य, एक विश्व, एक ग्रिड’ ही कल्पना मांडली, २०२१ साली ग्लासगोला तिला ब्रिटनची साथ मिळाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सौदी अरबस्तानबरोबर दोन्ही देशांचे वीजजाळे जोडण्याच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या. अरबी समुद्राच्या तळातून कधीकाळी वाहिनी गेलीच, तर भारताच्या बाजूने तिच्यात भरली जाणारी वीज मुख्यतः कच्छ आणि थर येथल्या वाळवंटांतून येईल. थरमध्ये भादला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान आधीच उभे आहे, आणि जैसलमेरच्या परिसरात कंपन्यांची कुंपणे वाढत आहेत. तिथे ‘ओरण’ नावाची देवराईसारखी राखीव राने आहेत. देवाच्या नावाने राखलेली, झाड न तोडलेली, गाईगुरांना आणि उंटांना मोकळी. आपल्याकडे सोलापुरात नान्नजच्या माळावर जो माळढोक आता शोधूनही क्वचितच दिसतो, त्याचे शेवटचे थवे याच रानांच्या आसपास आहेत. यांतील अनेक ओरणांची नोंद महसूल दफ्तरात ओरण म्हणून नाहीच. ती सरकारी पडीक जमीन आहे आणि म्हणून सौर कंपन्यांना देण्याजोगी आहे. जैसलमेरच्या गावकऱ्यांनी पदयात्रा काढल्या, अर्ज केले, कलेक्टर कचेरीसमोर बसले, ते सौर पत्र्यांच्या विरोधात नव्हे, या नोंदीच्या विरोधात. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला हुकूम दिला की, अशा सर्व राखीव रानांची जागेवर जाऊन आणि उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करावी व ती वन म्हणून अधिसूचित करावीत. ती मोजणी आधी पुरी होते की पुढल्या निविदा आधी निघतात, हे आता तलाठ्यांच्या आणि कंत्राटदारांच्या चालण्याच्या वेगावर आहे.